‘तसलं’ म्हणजे नेमकं कसलं? फिक वाचायला लागलेल्यांसाठी

फॅन फिक्शन, थोडक्यात फिक, म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. त्या नव्याने वाचायला घेणारं कुणीही पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारतंच: “त्यात सगळं तसलंच असतं का?” काहींना ‘तसलं’ नको असतं आणि ते चुकून समोर येईल अशी धास्ती असते. काहींना ते हवं असतं, पण तसं तोंडाने म्हणायचा संकोच वाटतो. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. सगळं तसलं नसतं, पण भरपूर असतं, आणि ‘तसलं’ या एका शब्दात आपण निदान दहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबून ठेवलेल्या असतात. त्या सुट्या केल्या की आपल्याला काय आवडतं, काय चालतं आणि काय अजिबात नको, हे आपलं आपल्याला कळायला लागतं. मग हव्या त्या कथा शोधणं फारसं अवघड राहत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. पुढचं सगळं १८ वर्षं पूर्ण झालेल्या वाचकांसाठी आहे. त्याहून लहान असाल तर ‘जनरल’ आणि ‘टीन’ या दोन रेटिंगमध्येच (रेटिंग म्हणजे कथा कुणी वाचावी ते सांगणारा दर्जा) वाचायला इतकं काही आहे की वर्षानुवर्षं पुरेल.

आधी जागा ओळखा

काय सापडेल हे बरंचसं तुम्ही कुठे वाचताय त्यावर ठरतं. फॅनफिक्शन डॉट नेट हे १९९८ सालचं संकेतस्थळ. तिथे २००२ मध्ये सर्वांत उघड दर्जाच्या कथांवर बंदी आली. आज तिथे के, के प्लस, टी आणि एम अशी लहानांपासून मोठ्यांपर्यंतची चार रेटिंग आहेत, आणि एमच्या पलीकडचं लेखन नियमात बसत नाही. वॉटपॅडवर कथेला ‘मॅच्युअर’ अशी खूण असते. त्यावरून कथा मोठ्यांची आहे एवढं कळतं, पण आत नेमकं काय आहे याचा फारसा पत्ता लागत नाही.

आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे सगळे ज्याला एओथ्री म्हणतात ते, २००९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते चालवणारी ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही संस्था २००७ ची. ती नफ्यासाठी चालत नाही. काम स्वयंसेवक करतात, खर्च देणग्यांतून निघतो आणि साइटवर एकही जाहिरात नसते. काय लिहावं यावर तिथे फार कमी बंधनं आहेत. त्याच्या बदल्यात लेखकाने कथेवर लेबल लावायचं आणि वाचकाने ते वाचून आत जायचं, असा सगळा व्यवहार आहे. नवे वाचक हा दुसरा भाग विसरतात आणि मग पोळतात. म्हणून पुढचं मुख्यतः एओथ्रीला धरून लिहिते आहे.

लेबल वाचायला शिका, घाई न करता

यादीत प्रत्येक कथेच्या नावाशेजारी चार छोटे चौकोन दिसतात. वरचा डावा चौकोन रेटिंगचा. हिरवा जी म्हणजे जनरल, पिवळा टी म्हणजे टीन अँड अप, नारिंगी एम म्हणजे मॅच्युअर, लाल ई म्हणजे एक्सप्लिसिट, उघड वर्णनाची. वरच्या उजव्या चौकोनात कथेतलं नातं कोणत्या प्रकारचं आहे ते कळतं, म्हणजे स्त्री-पुरुष, पुरुष-पुरुष, स्त्री-स्त्री वगैरे. खालचा डावा वॉर्निंगचा, आणि खालचा उजवा कथा पूर्ण झाली की नाही ते सांगतो.

वॉर्निंगचा चौकोन रिकामा असणं आणि लेखकाने काही न सांगणं यांत फरक आहे, तो आधी नीट समजून घ्या. मोठ्या वॉर्निंग चार: तपशीलवार हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा संमतीविना संबंध, आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक प्रसंग. यांपैकी काहीही नाही असं लेखकाने स्पष्ट सांगितलं असेल तर चौकोन रिकामा असतो. पण ‘क्रिएटर चोज नॉट टू यूज आर्काइव्ह वॉर्निंग्ज’ असं लिहिलेलं असेल, तर लेखकाने सांगायचं नाही असं ठरवलेलं आहे आणि आत चारही असू शकतात. तसंच ‘नॉट रेटेड’ म्हणजे सौम्य नव्हे. त्या कथेचं रेटिंग कुणी ठरवलेलंच नाही, म्हणून ती मोठ्यांची असेल असं धरूनच उघडायची.

दुसरी हमखास होणारी चूक ‘जेन’ आणि ‘जनरल’ची. दोन्ही शब्द सारखेच वाटतात. जनरल हे रेटिंग आहे, म्हणजे कथा कुणीही वाचावी अशी आहे. जेन हा नात्याचा प्रकार आहे, म्हणजे कथेचा भर प्रेमसंबंधावर नाही. जेन कथा अत्यंत रक्तरंजित असू शकते, आणि जनरल कथा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत प्रेमात भिजलेली असू शकते. शृंगार नको म्हणून नुसतं ‘जनरल’ निवडलंत तर प्रेमकथा येणारच. प्रेमकथाही नको असेल तर ‘जेन’ शोधा.

दोन पात्रांच्या नावांमधली खूणही बघा. तिरकी रेघ असेल तर नातं प्रेमाचं किंवा शरीराचं, आणि ‘अँड’ची खूण असेल तर मैत्रीचं, भावंडांचं, गुरु-शिष्याचं. ही रेघ जुनी आहे. १९७० च्या दशकात स्टार ट्रेकचे चाहते छापील फॅनझिनमधून, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या अंकांमधून, मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाच्या कथा लिहायचे, तेव्हा दोन नावांमध्ये ती रेघ टाकली जायची. त्या रेघेवरूनच पुरुष-पुरुष प्रेमकथांना ‘स्लॅश’ हे नाव पडलं.

आता एक नमुना घेऊ. समजा लेबल असं आहे: एम, पूर्ण, ९२,००० शब्द, आणि टॅग, म्हणजे आत काय आहे ते सांगायला लेखकाने लावलेले शब्द, आहेत ‘स्लो बर्न’, ‘म्यूच्युअल पायनिंग’, ‘देअर वॉज ओन्ली वन बेड’, ‘फेड टू ब्लॅक’. यातून मला काय कळतं? दोघंही एकमेकांसाठी झुरतात, पण बोलत नाहीत. मुक्कामाला खोलीत पलंग एकच निघणार, आणि दोघं त्याच्या दोन कडांना अंग चोरून रात्र काढणार. पहिलं चुंबन बहुधा अर्ध्या कथेनंतर. आणि जेव्हा कधी ते जवळ येतील तेव्हा लेखिका दिवा मालवून थेट सकाळी उजाडणार. मग रेटिंग एम कशाला? बहुधा आधीची ओढ मोठ्यांची असेल, नाहीतर कथेत दुसरं काही जड असेल.

शेजारी दुसरं लेबल: ई, ३,००० शब्द, टॅग ‘पीडब्ल्यूपी’ (कथानकाविना नुसता शृंगार) आणि ‘एस्टॅब्लिश्ड रिलेशनशिप’. इथे कथानक शोधायला जाऊ नका. दोघं आधीपासून एकत्र आहेत आणि कथा म्हणजे तो एकच प्रसंग, तोही सविस्तर. दोन्ही लेबलं प्रामाणिक आहेत. पहिली कथा दुसरीच्या अपेक्षेने उघडलीत तर कंटाळाल, आणि दुसरी पहिलीच्या अपेक्षेने उघडलीत तर दचकाल.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. जुन्या कथांवर ‘लेमन’ आणि ‘लाइम’ दिसतं. लेमन म्हणजे उघड शृंगार, लाइम म्हणजे त्याच्या अलीकडे थांबणारा. लेमन हा शब्द १९८४ मध्ये सुरू झालेल्या एका जपानी प्रौढ अॅनिमे मालिकेच्या नावावरून आला. आणि ‘डेड डव्ह, डू नॉट ईट’ असा टॅग दिसला तर तो शब्दशः खरा माना. एका अमेरिकन विनोदी मालिकेत एक पात्र पिशवी उघडतं, तर पिशवीवर लिहिलेलंच नेमकं आत निघतं. त्यावरून हा टॅग आला. लेबलवर जे भयंकर लिहिलंय ते कथेत पुरेपूर आहे आणि लेखक त्याबद्दल सारवासारव करणार नाही, असं तो टॅग सांगतो.

आता स्वतःला विचारा

पाच-सहा कथा वाचून झाल्या की एक वही घ्या, किंवा फोनमधली नोंद. प्रत्येक कथेपुढे दोनच ओळी लिहा: कुठे रमले, कुठे नजर सरकली. नजर कुठे सरकते हे फार खरं सांगतं. आपण ‘आवडलं’ म्हणतो, पण डोळे परिच्छेद ओलांडून पुढे गेलेले असतात.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच: किती? दार बंद हवं, किलकिलं हवं की सताड उघडं? याचं उत्तर लवकर सापडतं, पण त्याने फारसं काही ठरत नाही. मी स्वतः दोन वर्षं समजत होते की मला ई रेटिंग आवडत नाही. वहीतल्या नोंदी एकदा सलग वाचल्या तेव्हा दिसलं की मला न आवडलेल्या ई कथांमध्ये एक गोष्ट समान होती. शृंगार सुरू झाला की पात्रं नाहीशी व्हायची. इतका वेळ टोमणे मारणारा, स्वतःच्या उंचीवरून चिडणारा, चहा गार करून पिणारा माणूस अचानक कुणीही होऊन जायचा.

मग एक कथा वाचनात आली. तीही ई. दोघं जुने प्रतिस्पर्धी. ऐन क्षणी त्यातल्या एकाचा खांदा आखडतो, चार प्रकरणांपूर्वी झालेल्या जखमेमुळे. तो कळवळतो, दुसरा घाबरून थांबतो, दोघांना हसू फुटतं, उशी सरकवली जाते, आणि दुसरा पहिल्यांदाच त्याला त्याच्या पहिल्या नावाने हाक मारतो. तो प्रसंग काढून टाकला असता तर कथेला भोक पडलं असतं. त्या दिवशी मला कळलं की दार किती उघडं आहे याच्याशी माझं काही भांडण नव्हतं.

तेव्हापासून मी एक कसोटी वापरते. शृंगाराच्या परिच्छेदात दोन्ही नावं बदलून दुसऱ्याच कुठल्या जोडीची घालून बघायची. काहीच बिघडलं नाही, तर तो प्रसंग या पात्रांचा नाही. काही वाचकांना तसंही चालतं, त्यांना प्रसंगाची ऊब पुरते आणि त्यात कमीपणा काही नाही. मला चालत नाही. तुम्हाला चालतं की नाही, ते वहीत लिहा.

बाकीचे प्रश्न भराभर सांगते. प्रसंग कधी यावा: तिसऱ्या प्रकरणात आणि मग प्रेम, की आधी प्रेम आणि तिसाव्या प्रकरणात प्रसंग? सूर कसा असावा: हळवा, खेळकर, दांडगा, उदास? कुणामध्ये? एकाच जोडीचं वाचता येतं, दुसऱ्या जोडीचं नाही, असं पुष्कळांचं होतं. संमती किती स्पष्ट दिसायला हवी? इथे ‘डब-कॉन’ हा शब्द कळायला हवा. संमती आहे की नाही हे जिथे धूसर राहतं, नशा, दबाव, मालक-नोकराचं नातं असं काही असतं, त्या कथांवर तो टॅग असतो. आणि शब्द कसले चालतात? शरीराच्या अवयवांना लेखक काय नावं देतो एवढ्यावरून मी कथा बंद केलेली आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकातली भाषा एका टोकाला, फुलं-फळं-मध दुसऱ्या टोकाला. मधली, साध्या बोलण्यातली भाषा मला लागते.

मराठीत आपल्याकडे या सगळ्यासाठी ‘शृंगारिक’, ‘चावट’ आणि ‘अश्लील’ असे मोजकेच शब्द हाताशी असतात, आणि तिन्हींत आवडीपेक्षा निवाडाच जास्त. म्हणून वहीत विशेषणं लिहू नका. काय घडलं आणि आपल्याला काय झालं, तेवढंच लिहा.

काहींच्या वहीत असं दिसेल की कुठल्याही प्रकारचा शृंगार आला की नजर सरकतेच. तेही उत्तर पूर्ण आहे. अलैंगिक वाचक फॅनडममध्ये, म्हणजे एखाद्या कथेच्या चाहत्यांच्या जगात, भरपूर आहेत, अलैंगिक नसूनही ज्यांना हे वाचायचं नसतं असेही आहेत. ‘अजून सवय नाही, होईल हळूहळू’ असं कुणी समजावलं तर मनावर घेऊ नका.

नको असलेल्याचे तीन ढीग

नावडत्या गोष्टींचे तीन ढीग करा, कारण प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी आहे. पहिला, नुसता कंटाळा. हे टॅग टाळले नाहीत तरी चालतं, पानं सरकवली की झालं. दुसरा ‘स्क्विक’. हा शब्द १९९० च्या दशकातल्या ऑनलाइन चर्चांमधून आला. एखादी गोष्ट वाचून अंगावर शिसारी येते, पण ती लिहिणं चूक आहे असं आपलं म्हणणं नसतं, तेव्हा तो वापरतात. मला जेवण आणि शृंगार एकत्र आलेलं सोसत नाही. कुणाचं काही बिघडवत नाही ते, तरी मला सोसत नाही. हे टॅग कायम वगळायचे.

तिसरा ढीग ट्रिगरचा, आणि तो खरोखर जपायचा. स्वतःच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टीमुळे एखादा प्रसंग वाचून धडधड वाढते, झोप उडते, दिवस जातो, असं होत असेल तर नुसत्या फिल्टरवर विसंबू नका. त्या विषयाच्या आसपासच्या कथा आधी वाचलेल्या विश्वासू मैत्रिणीला विचारूनच उघडा, आणि ‘क्रिएटर चोज नॉट टू यूज आर्काइव्ह वॉर्निंग्ज’ असं लिहिलेल्या कथा सरळ सोडा. कितीही गाजलेली असली तरी.

याला लागूनच नव्या वाचकांना छळणारी एक गोष्ट. “मला हे वाचायला आवडतं, म्हणजे मला प्रत्यक्षातही हे हवंय का?” नाही, तसं गृहीत धरायचं काही कारण नाही. खुनाच्या रहस्यकथा आवडीने वाचणाऱ्याला आपण हा प्रश्न विचारत नाही. कथेत धोका घेता येतो, कारण पान मिटणं आपल्या हातात असतं. मात्र वाचून झाल्यावर बरं वाटतं की जड, हे बघत राहा. सतत जड वाटत असेल तर तो टॅग तिसऱ्या ढिगात टाका, मग तो तुम्हाला कितीही खेचत असला तरी.

फिल्टर लावताना

एखाद्या फॅनडमच्या किंवा जोडीच्या पानावर गेलात की बाजूला फिल्टरचा रकाना असतो. फोनवर तो ‘फिल्टर्स’ या बटणामागे लपलेला असतो. त्याचे दोन भाग: वरती ‘इन्क्लूड’, खाली ‘एक्सक्लूड’. नवे वाचक वरच्यातच रमतात. खरं काम खालचा भाग करतो.

एका कथेला एकच रेटिंग असतं, म्हणून इन्क्लूडमध्ये रेटिंग एकच निवडता येतं. एम आणि ई दोन्ही हव्या असतील तर उलटं करा: एक्सक्लूडमध्ये जनरल, टीन आणि नॉट रेटेड यांवर खूण करा. उरलेलं तेच. शृंगार नको असेल तर एक्सक्लूडमध्ये मॅच्युअर, एक्सप्लिसिट आणि नॉट रेटेड. त्याखालच्या ‘अदर टॅग्ज टू एक्सक्लूड’ या चौकटीत तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातले शब्द एकेक करून टाका. टाइप करायला लागलात की खाली टॅगची नावं सुचतात, त्यांतूनच निवडा. एकाच अर्थाचे वेगवेगळ्या शब्दांतले टॅग एकत्र जोडायचं काम तिथे स्वयंसेवक करतात, त्यांना टॅग रँगलर म्हणतात. त्यामुळे सुचवलेला टॅग वगळला की त्याची भावंडंही बरीचशी वगळली जातात. स्वतःच्या मनाने शब्द टाकलात तर तो फायदा मिळेलच असं नाही.

फिल्टर दर वेळी नव्याने लावावे लागतात, साइट ते लक्षात ठेवत नाही. सोपी युक्ती अशी की फिल्टर लावून झालं की येणाऱ्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवायचा. माझ्याकडे असे तीन आहेत: थकलेल्या दिवसासाठी एक, सुट्टीसाठी एक, आणि रडायचं असेल तेव्हासाठी एक. माणूस एकच असला तरी आवड रोज तीच नसते.

अर्ध्यातून उठणं

फिल्टर लावूनही कधीतरी भलतंच समोर येतं. टॅग लावायचा राहून गेलेला असतो, किंवा लेखकाला जे किरकोळ वाटलं ते तुम्हाला किरकोळ वाटत नाही. तेव्हा कथा बंद करा. साठ हजार शब्द वाचून झाले म्हणून उरलेले तीस हजार वाचायलाच हवेत असा काही करार नसतो. कथा आवडते पण तेवढा प्रसंग नको, असं असेल तर प्रकरणाच्या आधीची आणि शेवटची टीप बघा. अनेक लेखक तिथे कुठून कुठपर्यंत वगळायचं ते लिहितात, आणि वगळलेल्यात काय घडलं ते दोन ओळींत सांगतातही.

लेखकाला मात्र ‘ते सीन काढा’ किंवा ‘पुढच्या प्रकरणात जरा तिखट होऊ द्या’ असं लिहू नका. दोन्ही सारखंच दुखवतं. ही माणसं फुकट लिहितात, रात्री जागून लिहितात. एखादा महत्त्वाचा टॅग खरोखर राहिला असेल तर सौम्य शब्दांत कळवा, बहुतेक जण आभार मानून तो लावतात. एखाद्या लेखकाचं लेखन सतत नकोसं होत असेल तर त्याला म्यूट करायची सोय आहे. त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मैत्रिणीला कथा सुचवताना रेटिंग आणि मोठे टॅग आधी सांगा, दुवा नंतर पाठवा. मला एकदा एका जिवलग मैत्रिणीने “वाच गं, गोड आहे” एवढंच म्हणून दुवा पाठवला होता. तिच्या दृष्टीने ती कथा खरंच गोड होती. माझ्या तिसऱ्या ढिगातली गोष्ट दुसऱ्या प्रकरणात होती. तिला माझा ढीग माहीत नव्हता, कारण मी तो कधी सांगितलाच नव्हता. आता आम्ही दोघींनी एकमेकींच्या याद्या वाचलेल्या आहेत.

तुम्ही काय वाचता हे कुणाला कळावं तेही एकदा ठरवा. वाचनाचा इतिहास फक्त तुम्हालाच दिसतो. पण खात्यात शिरून कुडोज, म्हणजे कथा आवडल्याची खूण, दिलेत तर कथेखाली तुमचं सदस्यनाव दिसतं, आणि बुकमार्क खाजगी अशी खूण केली नाही तर तोही सगळ्यांना दिसतो. म्हणून सदस्यनाव खऱ्या नावावरून घेऊ नका.

आज पहिल्यांदाच बसणार असाल तर असं करा. तुम्हाला पाठ असलेलं एखादं फॅनडम निवडा, म्हणजे पात्रं ओळखीची असतील. फक्त पूर्ण झालेल्या कथा. शब्दसंख्या १०,००० च्या आत. वॉर्निंगमध्ये ‘क्रिएटर चोज नॉट टू यूज आर्काइव्ह वॉर्निंग्ज’ आणि चारही मोठ्या वॉर्निंग वगळा, नॉट रेटेड वगळा. मग एक टी, एक एम आणि एक ई अशा तीन कथा घ्या, शक्यतो एकाच जोडीच्या. त्याच क्रमाने वाचा, आणि प्रत्येकीनंतर, पुढची उघडण्याआधी, वहीत त्या दोन ओळी लिहा.